बेबी ऑफ ज्योत्स्ना

फाइलवर तिचं नाव नाही अजून.
‘बेबी ऑफ ज्योत्स्ना रंगारी, स्त्री, तीन महिने, राहणार इंदोरा.’
खाली माझा मोबाइल नंबर.
मे महिना आहे, त्या नंबरावर दिवसभर लोक ओरडतात :
पंप बंद पडला, ताट्या बदलायच्या, कधी येता?

इकोच्या खोलीत एसी इतका
की तिचे तळवे मी मुठीत धरून उभा.
छातीवर जेली. पडद्यावर लाल, निळं, लाल.
लाल चांगलं, निळं खराब, असं मीच ठरवलं
आणि निळं दिसलं की श्वास धरत राहिलो.
मशीनवरची बाई मान न वळवता म्हणाली,
‘लाल म्हणजे आपल्याकडे येणारं रक्त. निळं म्हणजे जाणारं.
दुसरं काही नाही त्यात.’
वीस मिनिटं मी चुकीच्या रंगाला भ्यालो होतो.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर चौकोन काढला,
आत अधिकचं चिन्ह : चार खोल्या.
मधल्या भिंतीला पेनाने भोक पाडलं, खरंच पाडलं,
पलीकडे टेबलाची काच दिसली.
मग फुप्फुसाकडची वाट गिरवून गिरवून अरुंद केली.
मी म्हणालो, ‘साहेब, नळी चोंदली की पाणी भोकातून जाणारच.’
तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.
‘तेच,’ म्हणाले.

शेजारणीने ज्योत्स्नाला विचारलं होतं,
‘ग्रहणात चिरलं-बिरलं होतं का वं काही?’
‘चिरला ना, कांदा. रोजच चिरतो मी.’
पण रात्री दोनला मला हलवून,
‘बोरवेलवरून हंडा आणला होता मी, तवा तर नसन झालं जी?’

आठव्या आठवड्यापर्यंत भिंत जुळते म्हणे.
बोटांवर मोजलं : जूनचा शेवट, जुलै.
मी धरमपेठेत लोकांचे कूलर उतरवत होतो,
टाक्या पालथ्या घालून गाळ खरवडत.
ज्योत्स्नाला वाटत होतं, पित्त झालंय.
आणि आत, हरभऱ्याहून लहान जागेत
एक भिंत दुसरीकडे निघाली होती
ती पोचली नाही.
कोणी अडवलं नव्हतं तिला.
कोणाला ठाऊकच नव्हतं ती निघालीय.

गल्लीतली पोट्टी विचारतात,
‘काका, बाळानं जांभळं खाल्ली का?’
दात नाहीत तिला अजून.

मेश्राम सिस्टरने शिकवलं :
रडून रडून निळी पडली तर घाबरायचं मागून,
आधी गुडघे दुमडून छातीला लावायचे, घट्ट,
आणि उचलून निघायचं.
परवा पहाटे दुमडले.
पोटात होती तशीच घडी झाली तिची,
माझ्या दोन तळहातांत मावली.
ज्योत्स्ना चप्पल न घालता रिक्षा बघायला पळाली.
रिक्षात, कमाल चौक जाईस्तोवर,
ओठ परत ओठांच्या रंगाचे.

वजन भरलं की ऑपरेशन.
जब्बारभाईंच्या भंगाराच्या काट्यावर दुपट्यासकट ठेवली :
चार किलो सातशे.
ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले,
‘माझा काटा पन्नास ग्रॅम कमी दाखवतो.
कुणाला सांगू नको. साडेसातशे धर.’

माझ्या धंद्यात आवाज म्हणजे बिघाड.
कान लावायचा, खरखर कुठून येते शोधायचं, बंद करायची.
हिच्या छातीतही आहे, गाळ अडकलेल्या पंपासारखा,
सर्र, सर्र.
डॉक्टर म्हणाले, ‘अरुंद वाटेतून रक्त जातंय, त्याचा आहे तो.
निळी पडते तेव्हा तोच कमी होतो.’

म्हणून रात्री आमचा कूलर मीच बंद करतो.
बेचाळीस डिग्रीची खोली, घामाने उशी ओली,
ज्योत्स्ना अंधारात विचारते, ‘येते का?’
मी कान उचलत नाही.
‘येतो आहे. झोप तू.’